नियम ठाऊक असूनही : कार्यालयीन माहितीची सुरक्षितता आणि कर्मचाऱ्याचे मन

प्रस्तावना

इंदूरच्या कम्युनिटी कॉलेजांमधून बाहेर पडणारा विद्यार्थी पहिली नोकरी कोठे करतो याची यादी केली, तर ती फार लांब होत नाही. एम.पी. ऑनलाइनचे कियोस्क, दवा बाजारातील घाऊक औषध विक्रेत्याचे कार्यालय, खाजगी रुग्णालयातील नोंदणीची खिडकी, पतसंस्था, बँकेची शाखा, कॉल सेंटर आणि काही मोजक्यांच्या बाबतीत सुपर कॉरिडॉरवरील एखादी संगणक कंपनी. कामे निरनिराळी असली तरी एक गोष्ट सर्वत्र समान आहे. या प्रत्येक टेबलावर दुसऱ्या कोणाची तरी माहिती येऊन पडते : आधार क्रमांक, बँकेचे खाते, रक्ततपासणीचा अहवाल, प्रवेश अर्जावरचा एखाद्या मुलीचा मोबाइल क्रमांक. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती शेकडो अनोळखी घरांच्या किल्ल्या येतात, आणि त्या कशा सांभाळायच्या याचे नियम त्याला पहिल्या दिवशी एका कागदावर सही घेऊन सांगितले जातात.

हे नियम कठीण नसतात. पासवर्ड कोणाला सांगू नये, जागेवरून उठताना संगणक बंद करावा, ग्राहकाची कागदपत्रे स्वतःच्या मोबाइलवरून पाठवू नयेत, अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नये, फोनवर माहिती मागणाऱ्याची खात्री करून घ्यावी. परीक्षेत विचारल्यास विद्यार्थी यावर पैकीच्या पैकी गुण मिळवतात. तोच विद्यार्थी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात जेवायला जाताना शेजाऱ्याला सांगतो, 'माझा पासवर्ड टाकून करून घे.' अज्ञान हे याचे कारण खासच नव्हे. जाणणे आणि वागणे यांत जे अंतर पडते त्याचा विचार प्रस्तुत लेखात मानसशास्त्राच्या अंगाने केला आहे. ज्यांना हे विद्यार्थी घडवायचे आहेत, त्या अध्यापकांच्या दृष्टीने हा विचार महत्त्वाचा आहे.

सबबींचे शास्त्र

१९५७ मध्ये ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांविषयी एक विचार मांडला. गुन्हेगार मुलांची मूल्येच उलटी असतात, असे मानणारा पक्ष तेव्हा प्रबळ होता. या दोघांचे म्हणणे निराळे होते. ही मुले समाजाची मूल्ये मानतात, चोरी वाईट हे त्यांनाही पटलेले असते. परंतु कृती करण्यापूर्वी ती मनाला एखादी सबब देतात आणि तेवढ्यापुरती टोचणी बोथट करून घेतात. अशा सबबींचे त्यांनी पाच प्रकार सांगितले. जबाबदारी माझी नव्हती. कोणाचे नुकसान झालेच नाही. ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता. दोष देणारे तरी कोठे धुतल्या तांदळाचे आहेत. आणि जे केले ते आपल्या माणसांसाठी केले.

कार्यालयात काम केलेल्या कोणालाही या पाचही सबबी ओळखीच्या वाटतील. 'साहेबांनीच सांगितले', 'एक यादी पाठवली तर कोणाचे काय बिघडले', 'कंपनी एवढी कमावते, तिला काय फरक पडतो', 'नियम करणाऱ्यांना खिडकीवर बसावे लागत नाही', आणि शेवटी 'सहकाऱ्याची अडचण होती'. यांतील शेवटची सबब आपल्याकडे सर्वांत बळकट आहे, आणि ती सर्वांत कमी तपासली जाते. पासवर्ड न देणे हा येथे सावधपणा समजला जात नाही, तो अविश्वास समजला जातो. डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्याने पासवर्ड मात्र लपवून ठेवावा, हे चमत्कारिक वाटते. 'अपना ही आदमी है' हे इंदूरच्या बोलीतले वाक्य एकदा उच्चारले गेले की नियमपुस्तिका मिटते. वस्तुतः नियम मोडणारा येथे वाईट माणूस नसतो; बहुधा तो चांगला सहकारी असतो, आणि म्हणूनच त्याला धमकावून फारसे साधत नाही.

२०१० मध्ये फिनलंडचे मिक्को सिपोनेन आणि अँथनी वान्स यांनी हाच सिद्धांत माहिती सुरक्षेच्या नियमांना लावून पाहिला. कर्मचारी नियम मोडण्याचा विचार करील की नाही, हे त्याच्या मनातील सबबींवरून चांगले सांगता येते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे सबबींचा हिशेब धरल्यावर शिक्षेच्या भीतीचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ उरला नाही. ज्याच्याजवळ सबब तयार आहे त्याला शिक्षेची आठवण होत नाही, कारण आपण काही चुकीचे करीत आहोत असेच त्याला वाटत नसते.

भीती किती कामाची?

तरीही बहुतेक संस्था भीतीवरच विसंबतात. यामागचा सिद्धांत जुना आहे : पकडले जाण्याची खात्री आणि शिक्षेची कठोरता वाढली की नियमभंग कमी होतो. संगणकाच्या क्षेत्रात डेटमार स्ट्रॉब यांनी १९९० मध्ये याला आधार देणारे निष्कर्ष मांडले. परंतु पुढील अभ्यासांचे एकमत झाले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डार्सी, होवाव व गॅलेटा यांना शिक्षेची कठोरता अधिक परिणामकारक आढळली. त्याच वर्षीच्या हेरथ व राव यांच्या अभ्यासात पकडले जाण्याच्या खात्रीचा उपयोग दिसला, पण शिक्षा कठोर वाटू लागली तसा नियम पाळण्याचा कल उलट घटला. संशोधकांतच असा भेद असेल, तर 'कडक कारवाई करण्यात येईल' ही भिंतीवरची पाटी किती काम करते याविषयी फार आशा बाळगू नये.

भीती आणि बंदोबस्त यांची मर्यादा दाखवणारे प्रकरण पुण्यात घडले. एप्रिल २००५ मध्ये तेथील एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना सिटी बँकेच्या अमेरिकेतील चार खातेदारांचे पैसे वळते केल्याच्या आरोपावरून अटक झाली. रक्कम साडेतीन लाख डॉलरच्या घरात होती. कोणी संगणकप्रणाली फोडली नव्हती. खातेदारांशी गोड बोलून, त्यांचा विश्वास संपादून, त्यांच्याकडूनच गुप्त क्रमांक काढून घेण्यात आले होते. अशा केंद्रांमध्ये कर्मचाऱ्यांची आत येताना व बाहेर जाताना तपासणी होई, क्रमांक कागदावर उतरवून नेणे शक्य नव्हते. तेव्हा क्रमांक पाठ करूनच बाहेर नेले असावेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. खिशांची झडती घेता येते, स्मरणाची घेता येत नाही. कागद बाहेर न नेण्याचा नियम तंतोतंत पाळला गेला आणि त्या नियमाने ज्याचे रक्षण व्हायचे ते मात्र बाहेर गेले.

या घटनेनंतर उद्योगाने आपली व्यवस्था सुधारली, हेही नमूद केले पाहिजे. नॅसकॉमने जानेवारी २००६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पूर्वेतिहासाची पडताळणी करणारी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. परंतु पडताळणी माणसाचा काल तपासते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, घरात आजारपण असताना, समोरच्या पडद्यावर परक्याची शिल्लक दिसत असताना त्याच्या मनात काय येईल, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

भीतीविषयी आणखी एक गोष्ट अध्यापकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये आरोग्यविषयक प्रचाराच्या संदर्भात एक उपपत्ती मांडली व १९८३ मध्ये ती सुधारली. तिचा मथितार्थ असा की, धोका मोठा आहे एवढे सांगून माणूस सावध होत नाही. धोका टाळण्याचा उपाय खरोखर चालतो, तो मला जमेल आणि त्याची किंमत मला परवडेल, असेही त्याला वाटावे लागते. नुसते घाबरवले तर तो विषयच टाळतो. 'हॅकर सर्वत्र आहेत' असे सांगणाऱ्या भित्तिपत्रकावर चूक झाल्यास कोणाला फोन करावा हे लिहिलेले नसेल, तर चूक करणारा मुलगा फोन करीत नाही. तो चूक लपवतो. आणि चोरीच्या दुव्यावर बोट पडल्यानंतरची पहिली काही मिनिटेच नुकसान आवरण्याच्या कामी येणारी असतात.

नियम पाळण्याची शिल्लक

येथवर दोष कर्मचाऱ्याच्या मनात शोधला. पण लंडनमधील अँजेला सॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशके निराळ्याच बाजूकडे बोट दाखवले. १९९९ मध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवले की माणसे पासवर्ड कागदावर लिहून ठेवतात ती बेपर्वाईने नव्हे. त्यांच्यावर इतके पासवर्ड लादलेले असतात आणि ते इतक्या वेळा बदलायला लावले जातात की दुसरा मार्गच उरत नाही. शिवाय हे सर्व कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. २००८ मध्ये ब्यूटमेंट, सॅस व वॉनहॅम यांनी याला एक चपखल कल्पना जोडली. प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ नियम पाळण्यासाठी लागणाऱ्या कष्टांची जणू एक शिल्लक असते. प्रत्येक नियम त्यातून थोडे थोडे काढून घेतो. शिल्लक संपली की नियम कितीही योग्य असो, माणूस आडवाट शोधतो.

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीचे उदाहरण घेऊ. संगणक दोन मिनिटे हात न लावल्यास बंद होतो आणि पुन्हा उघडताना पासवर्ड मागतो. खिडकीवरच्या मुलीला दर पाच मिनिटांनी फाइल आणायला उठावे लागते. रांगेत चाळीस माणसे आहेत. तासाभरात ती संगणक उघडा ठेवून उठू लागते, आणि आठवड्याभरात तिन्ही पाळ्यांतील सर्वजण एकाच पासवर्डवर काम करू लागतात. तिने नियम मोडला असे तपासणी अहवालात लिहिता येईल. तिने रांगेतल्या तापाने फणफणलेल्या बाळाला आधी पाहिले, असेही लिहिता येईल. दोन्ही खरे आहे. ज्याने हा नियम केला त्याने त्या खिडकीवर अर्धा दिवस काढला असता, तर नियम टिकेल अशा रीतीने केला असता.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती हे याचे आणखी परिचित उदाहरण. सक्ती झाली की लोक महिन्याचे नाव आणि साल जोडून मोकळे होतात, मग पुढचा पासवर्ड शेजारीसुद्धा ओळखू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने विनाकारण पासवर्ड बदलायला लावू नये, असे स्पष्ट केले. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलावा, असा त्याचा आशय आहे. जो नियम वर्षानुवर्षे सुरक्षेचा पाया म्हणून शिकवला गेला तोच असा मागे घ्यावा लागला. आपल्याकडील अनेक कार्यालये मात्र अजूनही तो चालवीत आहेत, आणि पाठ्यपुस्तकेही.

अधिकाराचा आवाज

नियम मोडण्याचे तिसरे कारण सबबीत नाही आणि कष्टातही नाही. ते आज्ञाधारकपणात आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफ्लिंग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयातील परिचारिकेला एका अनोळखी डॉक्टरच्या नावाने फोन येई आणि अमुक रुग्णाला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्यावे असे सांगितले जाई. औषधाच्या डबीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम छापलेली होती. फोनवरून औषधाचा हुकूम घेऊ नये असा रुग्णालयाचा नियमही होता. २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. औषध निरुपद्रवी होते आणि त्यांना वाटेतच थांबवण्यात आले. हीच परिस्थिती दुसऱ्या काही परिचारिकांना व विद्यार्थिनींना नुसती वर्णन करून सांगितली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी आपण औषध देणार नाही असे उत्तर दिले. लेखी परीक्षेतील उत्तर आणि कामावरील वर्तन यांत किती अंतर असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

फोनवरच्या अधिकाराचे हे बळ इंदूरने जवळून पाहिले आहे. जून २०१९ मध्ये राज्याच्या सायबर पोलिसांनी शहरातील बनावट कॉल सेंटरांवर छापा घालून सत्तरहून अधिक जणांना अटक केली. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना घाबरवायचे आणि पैसे उकळायचे, असा हा धंदा असल्याचे पोलिसांनी सांगितले. पलीकडचा माणूस घाबरला तो सरकारी अधिकाऱ्याच्या आवाजाला. परंतु अध्यापकांनी अलीकडच्या बाजूकडेही पाहावे. खुर्च्यांवर बसलेल्यांत बहुसंख्य तरुण होते, ठरलेल्या पाळीत येणारे, हाती दिलेले संवाद वाचणारे, पगारावर काम करणारे. आज्ञापालन त्यांच्याही कार्यालयात चालू होते. नियम पाळण्याची सवय आणि सांगितले ते करण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात मात्र आपण दुसरीलाच शिस्त म्हणून गुण देत असतो.

वडीलधाऱ्यांना, साहेबांना, पाहुण्यांना नाही म्हणू नये हा आपल्या घरांतील संस्कार आहे, आणि तो वाईट नाही. त्यामुळे 'हेड ऑफिसमधून बोलतो, लवकर ओटीपी सांगा' असा फोन आला की मुलगा नियम विसरत नाही. त्याला नियम पाळण्यासाठी लागणारे शब्द सापडत नाहीत. 'साहेब, आपले नाव आणि विभाग लिहून घेतो, आमच्या मॅडमना विचारून कार्यालयाच्या क्रमांकावर मीच फोन करतो' हे वाक्य ऐकायला सोपे आहे. ते अदबीने आणि न अडखळता म्हणता येण्यासाठी मात्र दहा वेळा मोठ्याने म्हणावे लागते, समोर रागावलेला साहेब म्हणून एखादा अध्यापक उभा असताना.

वरून काय दिसते

आइसेक अझेन यांच्या १९९१ च्या मांडणीनुसार माणसाचे वर्तन त्याच्या स्वतःच्या मताइतकेच आपल्याला महत्त्वाची वाटणारी माणसे काय अपेक्षा करतात यावरही ठरते. नव्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही माणसे म्हणजे शेजारच्या टेबलावरचा जुना कारकून आणि काचेच्या खोलीतला साहेब. टॉम टायलर यांनी शिकागो शहरात केलेल्या अभ्यासावर आधारित आपल्या १९९० च्या ग्रंथात दाखवले की लोक कायदा पाळतात तो मुख्यतः शिक्षेच्या भयाने नव्हे, तर कायदा राबवणारे न्यायाने वागतात असे त्यांना वाटते तेव्हा.

याची उलट बाजू मध्य प्रदेशाने व्यापमं प्रकरणात अनुभवली. जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी वैद्यकीय पूर्वप्रवेश परीक्षेत दुसऱ्यांच्या नावाने बसण्यासाठी आलेल्यांना पकडले आणि प्रकरणाला तोंड फुटले. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या संगणक विभागातील वरिष्ठांनीच बैठक क्रमांकांची मांडणी बदलून ठरावीक उमेदवारांना शेजारी-शेजारी बसवले, असा तपास यंत्रणांचा आरोप होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. येथे बाहेरच्याने कुलूप तोडल्याचा आरोप नव्हता. ज्यांच्यावर कुलूप लावण्याची जबाबदारी होती त्यांच्यावरच ते उघडल्याचा आरोप होता. अशा कार्यालयात खालच्या टेबलावरच्या माणसाने पासवर्ड जपावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

वरिष्ठ नियम मोडतीलच असे नाही. पुष्कळदा ते नुसती डोळेझाक करतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील, फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालेला तेरा हजार कोटींहून अधिक रुपयांचा गैरव्यवहार याचा नमुना आहे. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीला जोडलेली नव्हती. संदेश जात राहिले आणि हिशेबात त्यांची नोंद झाली नाही. या जोखमीबाबत ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना निदान तीन वेळा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. नियम होता, सूचना होती. रोजचा ताळा घेण्याचे कंटाळवाणे काम कोणी मनावर घेतले नाही.

अमानत

आतापर्यंतच्या विवेचनात एक माणूस कोठेच आला नाही. ज्याची माहिती आहे तो. कर्मचारी, साहेब, कंपनी, पोलीस हे सर्व दिसतात. ग्राहक मात्र पडद्यावर एक क्रमांक असतो. 'कोणाचे काय बिघडले' ही सबब टिकते ती यामुळेच. जो समोर नाही त्याचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. नियमपालनाचा खरा प्रश्न येथे आहे, आणि येथे आपल्या परंपरेजवळ एक नेमका शब्द आहे : अमानत.

अमानत म्हणजे नुसती ठेव नव्हे. ठेवणारा निघून गेला, त्याच्याशी वैर झाले, तो विचारायला येण्याची शक्यता उरली नाही, तरी त्याचा हक्क तसाच राहतो, हा तिचा गाभा आहे. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडली तेव्हा मक्केतील लोकांच्या ठेवी त्यांच्याजवळ होत्या, आणि त्या ठेवणाऱ्यांत त्यांच्या विरोधी पक्षातील लोकही होते. ज्यांच्यामुळे गाव सोडावे लागत होते त्यांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवण्यात आले, हा सीरतमधील प्रसंग प्रत्येक मुस्लिम घरात सांगितला जातो. तो सहसा प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून सांगतात. माहिती सुरक्षेच्या अध्यापकाने तो दुसऱ्या अंगाने पाहावा : अमानतीचे नाते सांभाळणाऱ्याच्या सोयीशी नाही, मैत्रीशी नाही, मालकाशी आहे. 'अपना ही आदमी है' या सबबीला याहून सरळ उत्तर नाही, कारण पासवर्डमागची माहिती आपली नसते आणि म्हणून ती आपल्या माणसाला देण्याचा अधिकारही आपला नसतो. हीच समज जुन्या पेढ्यांवरच्या मुनीमजींनाही होती. मालकाच्या वहीतला आकडा दुसऱ्या दुकानी बोलणाऱ्या मुनिमाला बाजारात काम मिळत नसे, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

योगायोग असा की, कायदाही आता याच शब्दाजवळ आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे, म्हणजे माहितीचा विश्वस्त. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड संस्थेला आहे. पण अशा दंडाचे भय वरून खाली झिरपत जाते आणि शेवटी खिडकीवरच्या माणसापाशी थांबते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील तरतुदी तर थेट व्यक्तीला लागू होतात. कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे आणि कलम ७२ अ नुसार करारान्वये हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरलाभासाठी वा नुकसान करण्यासाठी उघड करणे, या दोहोंना तीन वर्षांपर्यंत कारावास आहे.

विद्यार्थ्यांना हे कलमांचे आकडे पाठ करून देण्यापेक्षा एक साधी गोष्ट समजावावी. ज्याने पासवर्ड दिला त्याचेच नाव संगणकाच्या नोंदीत राहते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तुमच्या नावाने यादी उतरवली गेली आणि तुम्ही तेव्हा जेवायला गेला होता, हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी टेबलावरच्या नोकरीला लागले आहे, त्या घराजवळ वकिलाचे पैसे नसतात आणि ओळखीचा अधिकारीही नसतो. मैत्रीखातर दिलेल्या आठ अक्षरांची किंमत ते घर मोजते.

वर्गात आणि प्रयोगशाळेत

या विषयाचे अध्यापन नियमांची यादी फळ्यावर लिहून होणार नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. त्याऐवजी पाच सबबी वर्गात मोठ्याने म्हणून घ्याव्यात, विद्यार्थ्यांनी आपल्या सुट्टीतल्या कामाच्या ठिकाणी ऐकलेली सहावी सांगावी आणि प्रत्येक सबबीपुढे ज्याची माहिती आहे त्या माणसाला आणून बसवावे. कियोस्कवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्याने विद्यार्थिनीच्या क्रमांकाऐवजी सोयीसाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला, तर ओटीपी कोणाकडे जाईल, दुकान बंद पडल्यावर तिने काय करावे, याची चर्चा वर्गातील निम्म्या मुलांना स्वतःच्या अनुभवावरून करता येईल. नकार देण्याचा सराव तोंडी घ्यावा आणि त्याला गुण ठेवावेत. चूक झाल्याबरोबर सांगणाऱ्याला प्रयोगशाळेत कधीही रागावू नये.

आणि प्रयोगशाळेकडेही एकदा पाहावे. सर्व संगणकांना एकच पासवर्ड, तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला, वर्षानुवर्षे न पुसलेला, हे दृश्य अनोळखी नाही. विद्यार्थी तेथे दोन वर्षे बसतो आणि पासवर्ड ही माठातल्या पाण्यासारखी सर्वांची वस्तू आहे, हे रोज शिकतो. प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड देणे आजच्या कोणत्याही संगणकप्रणालीत विनाखर्च होते. फक्त सत्राच्या आरंभी एक दिवस कोणाला तरी त्यासाठी बसावे लागते. कार्यालयातील कपाटाचेही तसेच. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या जुन्या अर्जांना जोडलेल्या आधार कार्डांच्या प्रती, पालकांच्या उत्पन्नाचे दाखले, फोटो हे सर्व काही वर्षांनी रद्दीत निघते आणि रद्दीचा कागद या शहरात कचोरीखालीही येतो. ते अर्ज कोणाचे आहेत, कधीपर्यंत ठेवायचे आणि कसे नष्ट करायचे, हे ठरवण्याचे काम माहिती सुरक्षेच्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीकडे प्रात्यक्षिक म्हणून द्यावे. अर्ज त्यांच्या हाती देऊ नयेत, नोंदवही द्यावी. कागद फाडण्याचे छोटे यंत्र काही हजार रुपयांत येते, आणि ते नसेल तर पाण्यात भिजवून लगदा करण्याचा जुना उपाय आहेच.